ट्रस्टमध्ये टाकलेली भट्टी

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं तापलेलं आहे. भट्टीचं नाही तापणार तर कोणाचं?

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराच्या आर्मेनियन वस्तीत आराक्सी आणि तिचा नवरा वाहराम यांनी लग्नानंतर रोट्यांचं दुकान काढलं आणि त्याच्या मागच्या अंगणात मला बांधलं. जमिनीत खड्डा, आत मातीचं अस्तर. माती आराक्सीने पायांनी तुडवली. तीस वर्षं ती माझ्यात वाकून पातळ लवाश रोट्या भिंतीवर थापत आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, मलाच त्याची लाज वाटते. वस्तीतल्या प्रत्येक लग्नात बरकत यावी म्हणून नवरा-नवरीच्या खांद्यांवर माझ्यातली लवाश ठेवत. कौतुक व्हायचं वाहरामचं.

एके दिवशी तो कागद घेऊन आला.

"दुकान घरच्या ट्रस्टमध्ये टाकतोय. आपल्यामागे वारसाहक्कासाठी पोरांना कोर्टात खेटे नकोत. कर सही."

"वाचू तर दे."

"तीस वर्षं संसार केलास आणि आता माझे कागद तपासणार?"

तिने पीठ लागलेल्या हाताने सही केली. मला तोंड असतं तर ओरडले असते.

दोन वर्षांनी त्याने घटस्फोट मागितला. मला बुजवून तिथे त्याला गाड्या लावायला जागा करायची होती. "दुकान ट्रस्टचं, ट्रस्ट माझा. तुझं काय त्यात?" तो माझ्या काठावर उभा राहून म्हणाला. निर्लज्ज!

कोर्टात काय झालं ते आराक्सीने पीठ मळता मळता सांगितलं. न्यायाधीशबाईंनी वाहरामला विचारलं, "लग्नानंतर कमावलेलं दोघांचं, हा इथला कायदा. ते आता तुमच्या एकट्याचं झालं, असं या कागदात कुठे आहे? ओळ दाखवा."

वाहरामने पानं उलटली. त्याच्या वकिलानेही उलटली. ओळ नव्हतीच. बाई म्हणाल्या, "मग ट्रस्टमध्ये टाकलं तरी ते दोघांचंच."

वाटणीत राहतं घर त्याला गेलं, दुकान आणि मी तिच्या वाट्याला आलो. लोक म्हणाले, न्याय झाला. कसला न्याय? स्वतःचंच परत मिळवायला तिची दोन वर्षं गेली, घर गेलं. आणि ती एक ओळ त्या कागदात असती तर? तिने न वाचता तीही मान्य केली असती.

मित्रांनो, सही करण्याआधी वाचा. माणूस कितीही आपला असो.

परवा विमा एजंट आला. "मावशी, इथे फक्त सही." आराक्सीने त्याला बाकावर बसवलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. माझ्यात चार रोट्या करपून कोळसा झाल्या. ती वाचत राहिली.