दोनची मालिका

"पॅनल गेलंय, पार्ट मिळत नाही, एवढंच आईला सांगा," निहारने टीव्ही दुरुस्तीला आलेल्या पिराजीला लिफ्टपाशीच गाठलं. त्याच्या कानात इअरफोन होते आणि काखेत लॅपटॉप.

"पण टीव्हीला झालंय काय?"

"काहीच नाही, काका. मीच मागची वायर काढलीय. दुपारी माझ्या मीटिंग्ज असतात आणि हॉलमध्ये ते रडणं, थपडा, ढँण-ढँण म्युझिक. अख्खी टीम हसते. तिला म्हटलं डॉक्युमेंटरी बघ, वॉकला जा. नाही! रात्रीचाच एपिसोड दुपारी परत. चार दिवस झाले, मेकॅनिकला बोलाव म्हणून मागे लागलीय. तुम्ही सांगितलंत की पटेल तिला."

पिराजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवाजीनगरात तो बत्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करत होता. मागे पोट सुटलेले जुने संच गेले, भिंतीला चिकटणारे आले. पण चालता संच मेला असं त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला टोपी घालणारे त्याच्याच गल्लीत होते, त्यांच्याबरोबर तो चहासुद्धा घेत नसे. आणि हा कालचा पोरगा त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीपर्यंत बोलावून त्याच्या तोंडून खोटं वदवून घेणार होता!

"सरी, बरं, बगतो," एवढंच कानडी वळणाने म्हणून तो आत गेला.

निहारची आई, शुभदाताई, सोफ्याच्या कडेला मोबाइल धरून बसल्या होत्या. मुलाने त्यांना नागपूरहून इथे आणल्याला दोन वर्षं झाली होती.

"भाऊ, दोनच्या आत होईल का हो? माझी बहीण वाट पाहते."

"भैन हितं येत्यात बगायला?"

"नाही हो, ती नागपूरला राहते. अहल्या. शुगरमुळे डोळे गेले तिचे. तिकडे सून टीव्ही लावून देते, तिला ऐकू येतं. मी इथून पाहते आणि फोनवर सांगते, कोणती साडी नेसली, कोण कुणाकडे कसं पाहतंय, दाराआड कोण उभं आहे. चार दिवस झाले, नुसतीच ऐकते आहे बिचारी."

"मावशीला पॉडकास्ट लावून द्यायला सांग म्हटलं ना, आई," निहार आतल्या खोलीच्या दारातून म्हणाला आणि पिराजीला त्याने मानेने खूण केली. सांगा लवकर.

पिराजी स्टुलावर चढला. भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या फटीत हात घातल्यावर लोंबणारी वायर बोटांना लागली, आणि त्याला स्वतःचाच संताप आला. कावेरी, त्याची बायको, अशीच दुपारी मालिका लावून बसायची. जेवायला घरी आला की तो आधी टीव्ही बंद करायचा. दिवसभर हेच ऐकतो, घरात तरी रडणं नको, म्हणायचा. ती मुकाट्याने ताट वाढायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. त्या मालिकेत काय चाललं होतं, हे एकदाही त्याने तिला विचारलं नव्हतं.

त्याने वायर खोचली. टीव्ही मोठ्या आवाजात सुरू झाला.

"वायर स्वल्प सैल झालती," तो शुभदाताईंना म्हणाला. "संच चांगला हाय."

हत्यारं पिशवीत भरेपर्यंत निहार जवळ आला. "काका, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं कुटं वो?" टीव्हीच्या गोंगाटात पिराजीने दात खात विचारलं. "तुमी बोलला, मी ऐकलो. बत्तीस वर्सांत चालत्या टीव्हीला मेला म्हटलो न्हाई, आता तुमच्या मीटिंगसाठी म्हणू? लाज वाटाय पायजे. आईसंगं बोलायला तोंड न्हाई व्हय तुमास्नी, म्हणून मेकॅनिक बोलवलासा?"

निहार लाल झाला. आत जाऊन त्याने दार आपटलं.

शुभदाताई पिराजीला पोचवायला दारापर्यंत आल्या. चप्पल घालताना तो त्यांचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकत राहिला.

"वायर सैल नव्हती झाली, भाऊ. त्यानं काढली. मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा तो स्टुलावर होता."

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"मेकॅनिकला बोलाव, मेकॅनिकला बोलाव म्हणत राहिले. वाटलं, कंटाळून का होईना, तोच लावेल परत. रोज वाट पाहिली." त्या हसल्या. "तर त्यानं खरंच तुम्हाला बोलावलं."

पिराजीने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात फोन वाजला आणि त्या लगबगीने सोफ्याकडे वळल्या.

"हो, दिसतंय गं, आज दिसतंय. बिघाड होता, निहारनं माणूस बोलावून दुरुस्त करून दिला... हो, गुणाचाच आहे. ऐक आता. आई आली बघ, हिरवी साडी आहे. मुलगा पाठमोरा उभा आहे. ती हसतेय." त्या टीव्हीकडे थोडं वाकल्या. "नाही गं, तसं नाही. नुसती तोंडानं हसतेय."

पिराजीने आवाज होणार नाही असं दार ओढून घेतलं.