घडी

"किंजल, वारा आलाय बघ." दाराच्या काचेपलीकडे डोक्यावरची पाटी खाली ठेवणारा हात तेवढा दिसला आणि हेमाली कपाटाकडे वळता वळता सोबत काम करणाऱ्या मुलीला बोलून गेली.

पालघरच्या त्या साडीच्या दुकानात एसी लागल्यापासून हा शब्द चालत होता. घ्यायचं काही नाही, नुसतं गारव्याला यायचं आणि वीस साड्यांच्या घड्या मोडायला लावायच्या, अशा गिऱ्हाइकाला 'वारा' म्हणायचं. शब्द हेमालीनेच काढलेला. सातपाटीला घरी जेवताना तिने तो नकलांसकट सांगितला, तेव्हा सगळ्यांत जास्त तिची आईच हसली होती.

आता आईच दारात उभी होती. बाजारातली मासळी संपवून, हात पदराला पुसत. हेमालीच्या नोकरीच्या सहा वर्षांत ती पहिल्यांदाच इथे आली होती.

"वारा नाय गो. घ्यायला आलेय मी," आई किंजलला म्हणाली आणि परक्यासारखी बाकावर बसली. लेकीकडे तिने पाहिलंही नाही.

ही माझी आई, एवढंच हेमालीला म्हणायचं होतं. पण शेठ गल्ल्यावर होते, किंजल नाकाला रुमाल लावून हसू दाबत होती. हेमालीला आधी त्या मासळीच्या वासाची लाज वाटली, आणि मग आपल्याला तशी वाटली याची. ती कपाटातल्या साड्या सारख्या करत राहिली.

किंजल साडी उलगडायला लागली तशी आईने हात आडवा धरला. "घडी नको मोडू, पोरी. वरूनच दाखव. तुमाला परत घालायचा ताप."

तिने मोरपंखी साडीवर बोट ठेवलं. तो माल उन्हाळाभर शोकेसमध्ये होता, घडीवर विटलेला. हेमालीला ते पक्कं ठाऊक होतं.

"छान पसंती, मावशी," म्हणत शेठनी साडी पिशवीत घातली. हेमाली तेव्हाही गप्पच राहिली.

संध्याकाळी ती घरी आली, तर पिशवी तिच्याच खाटेवर.

"रूपेशदादाच्या साखरपुड्याला नेस," आई चुलीपाशी बसून म्हणाली. "दिवसभर दुसऱ्यांसाठी घड्या मोडतेस. ही तुजी हाय, मोड."

हेमालीने साडी उलगडली. मधोमध फिकट रेघ होती.

"आये, मला ठाऊक होतं."

आईने रेघेवरून बोट फिरवलं.

"निऱ्यांत जाईल ती," ती म्हणाली, आणि साडी लेकीच्या कमरेला लावून स्वतःच निऱ्या घालू लागली.