दुसऱ्याच्या शिक्षेचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बागेतला नव्हे आणि शाळेतलाही नव्हे. तसल्या बाकांवर कोणीही येऊन टेकते. माझ्यावर बसायला आधी गुन्हा करावा लागतो.

अमेरिकेतल्या ईरी गावच्या क्रीडागृहात मैदानाच्या कडेला काचेची एक लहानशी खोली आहे. बंदिस्त मैदानावरच्या फुटबॉलमध्ये खेळाडूने कोणाला पाडले, ढकलले किंवा पंचाला शिवी हासडली की पंच निळे कार्ड दाखवतो आणि त्या खेळाडूला दोन मिनिटे या खोलीत डांबतात. तेवढा वेळ त्याचा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो. त्या खोलीतला बाक तो मी.

माझे लाकूड मेपलचे. बाराव्या रस्त्यावर बोलिंगचा एक अड्डा होता. तो बंद पडला तेव्हा त्याची जमीन उखडून सुताराने मला घडवले. कारखान्यांतून सुटलेल्या कामगारांचे जड गोळे वर्षानुवर्षे माझ्यावरून घरंगळत गेले होते, तेव्हा भार म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. सुरुवातीला इथे फक्त बर्फावरची हॉकी चाले. ते खरे गुन्हेगार. तोंडातले रक्त थुंकून ते माझ्यावर बसत आणि बसल्यावर हसत. एकाने आपला तुटलेला दात माझ्या फटीत खोचून ठेवला, तो अजून तिथेच आहे. त्याला मी माझा दागिना मानतो.

मग फुटबॉल आला. गाद्यांच्या दुकानांचा एक मालक होता. लोक झोपतात यावर त्याचे पोट चालत होते, म्हणून की काय, त्याने लोकांना झोप आणणारा संघ विकत घेतला. बर्फावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर हिरवा गालिचा अंथरला आणि त्याला मैदान म्हणू लागले. खाली गारठा आणि वर गवताचे सोंग. संघाचे नाव ठेवले हॅमर्स, म्हणजे हातोडे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. या हातोड्यांनी सबंध हंगामात एक खिळा सरळ ठोकला नाही.

वर म्हणायचे, आम्ही व्यावसायिक. यांचा गोलरक्षक दिवसा जुन्या मोटारी विकायचा आणि कप्तान शाळेत पोरांकडून कवायत करून घ्यायचा. सामन्याआधी दिवे मालवून, धूर सोडून एकेकाच्या नावाचा पुकारा होई. धुरातून धावत येताना निम्मे खोकत आणि एक तर दर वेळी गालिच्याच्या शिवणीत अडखळे. हरले की दोष त्या शिवणीचा. नाचता येईना, अंगण वाकडे. हॉकीवाले दात हरवून गप्प बसत. हे नडगीला बोट लागले तरी माझ्यावर बसून असे विव्हळत की मला फटीतल्या दाताची लाज वाटे.

त्यातही माझ्या तिरस्काराचा मोठा वाटा दोघांसाठी राखून ठेवलेला होता.

पहिला गोलरक्षक डेकर. गोल राखायचे सोडून हा पुढे धावत जाई, समोरच्याचे पाय ओढी आणि मग हात वर करून भोळा चेहरा करी. आता या खेळाचा एक नियम ऐका. गोलरक्षकाला निळे कार्ड मिळाले तर तो आत येत नाही. त्याच्या जागी संघातला दुसरा कोणीतरी शिक्षा भोगायला येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही नियमाला धरून.

तो संन्यासी म्हणजे दुसरा, सेनाद. वय छत्तीस, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, दिवसा बाटल्यांची झाकणे करणाऱ्या कारखान्यात कामाला. लहानपणी आईबापांबरोबर बोस्नियातून इथे आला. कधीकाळी संघात त्याच्यासारखे पाय कोणाचे नव्हते म्हणतात. आता प्रशिक्षक लोमन त्याला मैदानात उतरवतच नसे. डेकरने पाप केले की लोमन मान न वळवता नुसता हात करी आणि सेनाद उठून माझ्याकडे चालू लागे. बाकीच्यांनी निदान काहीतरी केलेले असे. याने काहीच केलेले नसे. असल्या माणसाचा भार वाहायचा म्हणजे अपमानच.

खोलीचे दार उघडण्याचे काम डोलोरेसबाईंचे. टपालखात्यातून निवृत्त झालेल्या, अंगावर संघाचा स्वेटर आणि मांडीवर पिरोग्यांचा, म्हणजे सारण भरून उकडलेल्या पोलिश करंज्यांचा, डबा. शिक्षेची वेळ संपली की कडी काढायची, बस.

"घे, खा," त्या सेनादला म्हणत. "कोबीच्या आहेत."

"बाई, मी सामना खेळतोय."

"कुठे?" बाई विचारत.

तो एक पिरोगी उचले.

खोलीच्या मागे, काचेला नाक लावून, सेनादचे वडील इस्मेत बसत. बोस्नियातल्या झेनित्साच्या पोलाद कारखान्याच्या संघात हा म्हातारा एकेकाळी मधल्या फळीत खेळलेला. खिशात भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, पायाशी टरफलांचा सडा. काचांमधल्या फटीतून त्याचा आवाज थेट माझ्यावर येई.

"परत आत? लोक सिनेमाला तिकीट काढतात. मी पोराचा तुरुंग बघायला काढतो."

"बाबा, चूक माझी नव्हती."

"माहितीये. तुझी असती तर निदान अभिमान वाटला असता."

हा म्हातारा मला पहिल्या दिवसापासून आवडला. दुसऱ्याला तुच्छ लेखण्यात त्याचा हात माझ्याइतकाच बसलेला होता.

शिक्षा संपली की पुढचा प्रकार ठरलेला. दार उघडे. सेनाद बाहेर पडून मैदान आडवे कापत समोरच्या कठड्याकडे धावत सुटे. तिथे राखीव खेळाडूंचा बाक आहे. तो प्लास्टिकचा, त्याला मी भाऊबंद मानत नाही. सेनाद कठड्याशी पोचला की त्याच्या बदली कोडी नावाचा तरुण आक्रमक मैदानात उडी घेई. खरे तर सेनाद पोचल्यावरच त्याने उतरायचे, पण कोडी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सेनाद अर्ध्या वाटेत असतानाच तो आत. पंच डोळेझाक करत, कारण सेनाद चेंडूच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. एका माणसाची हंगामभराची कारकीर्द म्हणजे एका दारातून दुसऱ्या दाराकडे पळणे, आणि संघातल्या कोणालाही त्यात वावगे वाटत नव्हते.

फेब्रुवारीत एकदा डोलोरेसबाईंनी त्याला विचारले, "सोडत का नाहीस रे? गुडघे बघ ते."

"हा शेवटचाच हंगाम," तो म्हणाला. मग मागे वळून न बघता, आवाज खाली घेऊन म्हणाला, "बाबांनी यंदा माझा पाय एकदाही चेंडूला लागलेला बघितला नाही. तेवढं एकदा होऊ दे. मग घरी बसतो."

मित्रांनो, मला हसू आले. केवढे मागणे मागावे माणसाने, तर चेंडूला एक पाय.

बघता बघता हंगाम शेवटच्या सामन्यापर्यंत घरंगळला. बाकीचे संघ आमच्याइतकेच टाकाऊ निघाल्यामुळे हा सामना जिंकला तर हॅमर्सना पुढची फेरी मिळणार होती. बाहेर सरोवरावरून बर्फाचे वादळ आले होते, तरी लोक आले. या गावाला दुसरे काही करण्यासारखे नसते. सेनाद लोमनच्या शेजारी बूट बांधून बसला होता. लोमन त्याच्याकडे बघत नव्हता.

शेवटची मिनिटे, पाच-पाच अशी बरोबरी. अशा वेळी शहाणा गोलरक्षक काय करील? डेकरने ते सोडून सगळे केले. अर्ध्या मैदानापर्यंत धावत जाऊन त्याने पाहुण्यांच्या आक्रमकाचा पाय ओढला. निळे कार्ड. लोमनचा हात हलला.

सेनाद येऊन बसला. या वेळी बाईंनी डबा उघडला नाही. काचेमागून इस्मेतच्या नुसत्या बिया फोडल्याचा आवाज येत होता.  एक गडी कमी असूनही हॅमर्सनी कसाबसा तग धरला. घड्याळात काही क्षण उरले असताना शिक्षा संपली आणि बाईंनी कडी काढली.

"कठड्याकडे! कठड्याकडे पळ!" समोरून लोमन ओरडला.

सेनाद पळाला. त्याच क्षणी डेकरने हातातला चेंडू लांब भिरकावला. तो समोरच्या भिंतीच्या काचेवर आपटून मागे उसळला, या खेळात ते चालते, आणि कठड्याच्या वाटेवर असलेल्या सेनादच्या पुढ्यात येऊन पडला. जवळ कोणी नव्हते. रोज आडवा पळणारा हा माणूस आज चेंडूला हात घालील, म्हणजे पाय घालील, असे पाहुण्यांना वाटलेच नव्हते.

म्हाताऱ्याने दोन्ही तळहात काचेवर आपटले. "मार!"

सेनादने मारला. न थांबवता, डाव्या पायाने. चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागून जाळ्यात गेला. भोंगा वाजला, धूर सुटला, गादीवाला मालक खुर्चीवर चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला उठून उभे राहावेसे वाटले, आणि बाकाला ते जमत नाही.

मग शिट्टी वाजली. पंच बोटाने डोकी मोजत होता. एक, दोन, करत सातपर्यंत गेला. मैदानात माणसे हवीत सहा. सातवा होता कोडी. सवयीप्रमाणे सेनाद पोचायच्या आत त्याने उडी मारली होती. हंगामभर ज्याकडे डोळेझाक केली, ते आज चेंडूला पाय लागला म्हणून दिसले. गोल बाद. वर ज्यादा गड्याबद्दल निळे कार्ड संघाला. आता ही शिक्षा संघातल्या कोणीतरी भोगायला हवी.

मूर्खांच्या सवयी मूर्खांपेक्षा टिकाऊ असतात. कोडी तिथेच उभा होता. पण लोमनचा हात उठला तो सेनादकडे.

सेनाद परत येऊन माझ्यावर बसला. डोके दोन्ही हातांत धरले होते. सामना जादा वेळेत गेला. त्यात पहिला गोल करील तो जिंकतो. पाहुण्यांनी फार वाट पाहायला लावली नाही. गोल खाल्ला की आत बसलेल्याची शिक्षा संपते, असा नियम आहे, म्हणून बाईंनी दार उघडले. बाहेर खेळायला काही उरलेच नव्हते.

आमच्याकडे रीत अशी की जिंका वा हरा, सामन्यानंतर लोकांना गालिच्यावर सोडतात आणि खेळाडू उभे राहून सह्या देतात. प्रत्येकाच्या मोज्यात एक जाड पेन खोचलेले असते. त्या रात्रीही पोरांची सर्वांत लांब रांग कोणापुढे होती म्हणता? डेकरपुढे. तो हसून हसून सह्या करत होता. सेनाद माझ्यावरून हलला नव्हता.

म्हातारा काठी टेकत गालिच्यावरून आला. डोलोरेसबाईंनी त्याच्यासाठी दार धरले.

"सरक," तो म्हणाला आणि माझ्यावर बसला. त्याने आयुष्यात काय गुन्हा केला होता कोण जाणे, पण मी हरकत घेतली नाही.

"गोल धरला नाही, बाबा."

"पंच डोकी मोजत होता. मी चेंडू बघत होतो." त्याने दातात अडकलेले टरफल काढले. "डावा पाय कशाला टाकलास? उजवा सोपा होता."

"आत गेला ना?"

"गेला. म्हणून तर बोलतोय. नसता गेला तर काय बोलायचं होतं?"

 मग म्हाताऱ्याने मुलाच्या मोज्यातले पेन ओढून काढले आणि त्याच्या हातात दिले.

"सही दे."

"कशावर?"

म्हाताऱ्याने खिसे चाचपले. बियांची पुडी सोडून काही निघाले नाही. त्याने काठीने माझ्यावर ठोकले. "यावर दे. वर्षभर इथंच तर होतास."

सेनादने वाकून माझ्या पाठीवर, दाताच्या फटीशेजारी, आपले नाव लिहिले. अक्षर काही चांगले आलेले नाही. म्हाताऱ्याने ते चष्मा लावून वाचले आणि शाई सुकेपर्यंत कोणाला तिथे टेकू दिले नाही.

तेव्हापासून सेनाद आलेला नाही. डेकर अजून आहे, त्याची पापेही आहेत आणि त्यांच्यासाठी नवा संन्यासी शोधलेला आहे. क्रीडागृहाच्या साहेबांनी हुकूम सोडला आहे की बाकांवरचे गिरगटलेले सगळे घासून काढा आणि रंग द्या. घासणारा आला की डोलोरेसबाई आपली उशी त्या नावावर टाकतात, तिच्यावर बसतात आणि डबा उघडतात. पण बाईंचेही वय झाले आहे.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात एखादा असेल. खोडी दुसऱ्याची आणि अंगठे हा धरून उभा. त्याला हसू नका. हसायचे काम माझ्याकडे होते आणि ते मी सगळ्यांच्या वाटचे करून ठेवले आहे. कधी ईरीला आलात आणि तुमच्या हाती घासायचा कागद आलाच, तर माझा तो दात खुशाल काढून टाका. त्याच्या शेजारचे नाव तेवढे राहू द्या.