सेट सरांचा 'स'

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं मात्र गेली बावीस वर्षं दातांवरच भरतंय. दवाखान्यामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते आणि मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवते. माणसं पुढच्या खोलीत येतात. माझ्या खोलीत त्यांची फक्त तोंडं येतात.

त्या दिवशी मापाबरोबरच्या कागदावरचं नाव वाचून मी चमकले. हे आमचे इंग्रजीचे सर. अख्खी शाळा त्यांना सेट सर म्हणायची, कारण दरवर्षी आठवीच्या पहिल्या तासाला ते फळ्यावर 'सेट' हा एकच शब्द लिहायचे आणि प्रत्येकाला त्याचा नवा अर्थ विचारायचे. कपबशांचा सेट, सूर्य सेट होतो, मोडलेलं हाड सेट करतात, एखाद्या गोष्टीवर मन सेट होतं. आधी कुणी सांगितलेला अर्थ पुन्हा चालायचा नाही. माझा नंबर चोविसावा. माझ्यापाशी अर्थ नव्हता, फक्त सरांची नक्कल होती. त्यांचा 'स' जरा पसरट, 'श'च्या दिशेने कललेला. उभी राहिले आणि तो शब्द हुबेहूब त्यांच्याच आवाजात म्हटला. वर्ग खिदळला.

"अर्थ सापडेपर्यंत उभी राहा," सर म्हणाले. घंटा झाली, सर निघून गेले, मला बस म्हणालेच नाहीत. एवढीशी गोष्ट, पण मी तिचा राग तीस वर्षं लोणच्यासारखा मुरवला होता.

म्हणून ही कवळी मी ईर्ष्येने केली. बघाच म्हटलं, तुमची ती बिनअर्थाची पोरगी काय करते! दात असे ओळीत बसवले की पट्टी लावून पाहावी. कमान निमुळती, देखणी. डॉक्टरही म्हणाले, "क्या बात है."

पक्की कवळी करण्याआधी मेणातले दात तोंडात घालून बघतात. त्या वेळी माणसाला बोलायला लावतात, कारण दात चुकले की पहिला 'स' बोंबलतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. सर खुर्चीत होते, गालांची पार खोबण झालेली. शेजारच्या स्टुलावर त्यांच्या पत्नी, काकू, काळा चष्मा लावून. सरांनी मला ओळखलं नाही. हजारो पोरं हाताखालून गेली, मी कोण लागून गेले!

"आठ महिने झाले, हे बोलत नाहीत," काकू म्हणाल्या. "दुसरीकडे कवळी केली होती, ती शिट्टी मारायची. मला दिसत नाही, म्हणून रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचे. प्रत्येक बातमीआधी विचारायचे, 'ऐकतेस ना?' एके दिवशी त्या 'तेस'वर अशी शिट्टी वाजली की मला हसू आलं. एकदाच हसले हो. त्यांनी कवळी वाटीत ठेवली ती ठेवलीच. आता काय हवं ते चिठ्ठीवर लिहितात."

"आणि तुम्हाला वाचता येत नाही," मी म्हणाले.

"शेजारीण वाचून दाखवते. नवऱ्याचं बोलणं शेजारणीच्या तोंडून ऐकायचं, अशी आमची तऱ्हा."

सर खिडकीकडे बघत होते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला अचानक फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी मेणातले दात बसवले. "साठ ते सत्तर मोजा, सर."

"साठ," सर म्हणाले, आणि बारीक शिट्टी वाजली. "सहासष्ट"ला तर तीन वाजल्या. सरांनी ओठ मिटले आणि खिशातून चिठ्ठ्यांची वही काढली. 'नको. राहू दे', त्यांनी लिहिलं.

"काय लिहिलं?" काकूंनी विचारलं. डॉक्टरांनी वही मिटून सरांच्या हातात दिली.

"नको म्हणाले असतील," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे तोंड करून, "बाई, दात दिसायला कसे आहेत ते मला नको. हा ह्यांचा आवाजच नाही. ह्यांचा 'स' असा टोकदार नव्हता."

तो कसा होता हे या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं, आणि दुसरी मी होते. सरांसमोर पुन्हा त्यांची नक्कल करायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण दुसरा रस्ता दिसेना.

"असा होता का, काकू?" मी म्हणाले, आणि तीस वर्षांनी तो शब्द सरांच्या आवाजात म्हटला. "सेट."

काकू खदखदून हसल्या. हसता हसता थबकल्या, तोंडावर हात ठेवला. "असाच. अगदी असाच."

सरांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मी तो शब्द पुन्हा म्हटला, या वेळी हळू, माझ्याच तोंडाकडे लक्ष देऊन. जीभ पसरत होती, दोन्ही बाजूंच्या दाढांना टेकत होती. आणि मी पठ्ठीने कमान एवढी निमुळती केली होती की सरांच्या जिभेला पसरायला जागाच उरली नव्हती. देखणेपणाच्या नादात माणसाची जीभ कोंडली होती मी.

"दात द्या, सर. पंधरा मिनिटं."

आत जाऊन मी मेण गरम केलं, बाजूचे दात बाहेर सरकवले, टाळूच्या मध्यावर मेणाचा पातळ थर चढवला. आता ओळ पट्टीत नव्हती. माणसाच्या तोंडासारखी दिसत होती.

सरांनी दात घातले. आकडे मोजले नाहीत. माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाले, "आठवी. चोविसावा नंबर."

तिन्ही शब्दांत मिळून 'स' एकच, तोही मधेच दडलेला. पण पुढे ते म्हणाले, "अर्थ सापडला?" आणि तो 'स' जुना होता, पसरट, बिनशिट्टीचा.

"सापडला, सर. प्लास्टर सेट होतं. वीस मिनिटं लागतात. रोज वाट बघते."

"मग बस आता."

मी बाजूच्या बाकावर बसले. डोळे भरून आले होते, ते पुसायला ॲप्रन होताच.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "सर, दात परत द्यावे लागतील. हे मेण आहे. पक्की कवळी परवा."

"परवा?" काकूंचा हात स्टुलावरून पुढे आला, सरांची बाही सापडेपर्यंत चाचपडला.

सरांनी हात तोंडाकडे नेला होता, तो खाली घेतला. माझ्या बाकावर कुणाचा तरी पेपर पडला होता, त्याकडे बोट केलं. मी दिला. त्यांनी तो गुडघ्यावर उघडला, चष्मा लावला.

"ऐकतेस ना?" ते म्हणाले.

"ऐकतेय," काकू म्हणाल्या. "वाचा."