चार शिखरं आणि झेंडूचा हार

अपेक्षाचा लेसर डोळ्यांना दिसत नसे. केसाएवढ्या काचेच्या तारेत तो गोल गोल फिरे आणि पडद्यावरच्या आलेखात त्याची शिखरं तेवढी उगवत. एकाच तारेतून चार तरंगलांबींचे चार किरण, आणि बटण फिरवलं की चौघं हातात हात घालून सरकणार, अशी तिची रचना. पण चौघांत एक दांडगा. पंगतीत बसला की सगळं वाढप तोच ओढून घेई, बाकीचे तिघे उपाशी. ती तार तीन पात्यांवर गुंडाळलेली होती. पाती कोणत्या कलानं ठेवली की सगळ्यांना सारखं वाढलं जाईल, हे शोधता शोधता अपेक्षा कारेगावच्या खोलीवर नुसती झोपायला जाई.

"दसरा झाला की दौंडचे रविराजसाहेब बघायला येतायत," रांजणगावच्या त्या छोट्या कारखान्याचे मालक सत्यजीत म्हणाले. "तासभर चौघे सारखे उभे राहिले तर ऑर्डर. नाहीतर मॅडम, हे बंद. आपण आपले दुसऱ्यांच्या मशिनींचे पार्ट जोडत बसू."

खंडेनवमीला सत्यजीतांच्या आई, साखरबाई, कवठे येमाईहून झेंडूचे हार घेऊन आल्या. लेथ, कॉम्प्रेसर, चहाचं मशीन, साऱ्यांना हळदकुंकू लावत गुणगुणू लागल्या,

"बोटाला हळद, बोटाला कुंकू गं,
काचेच्या बाळाला नजर नको लागू गं."

"आजी, त्याला हात नका..." अपेक्षा ओरडेपर्यंत हार पात्यांवर पडलासुद्धा.

पडद्यावर चार शिखरं. भांग पाडून प्रार्थनेला उभ्या पोरांसारखी, एका उंचीची! तिनं बटण फिरवलं. चौघं मिळून सरकली.

"आजी, आता हार काढू नका!"

"घालू नको म्हंतीस, काढू नको म्हंतीस. एकदा काय ते ठरीव की गं!"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रविराजसाहेब खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. सुरुवातीला चौघे गुणी होते. मग दांडगा हळूच फुगायला लागला.

"हा हार कसला?" साहेबांनी विचारलं.

"पूजेचा," सत्यजीत घाईनं म्हणाले.

"सेटिंगचा," अपेक्षा म्हणाली. आता लपवायचं काय? "हाराच्या वजनानं हे पातं बरोबर कलतं, सर. फुलं सुकतायत, वजन घटतंय." तिनं हार काढला आणि पातं बोटानं दाबलं. दांडगा मुकाट खाली आला. "इथं एक स्क्रू हवा, तो मला आत्ता कळला. तोवर हे बोट."

"बोट तर बोट." साहेबांनी घड्याळ बघितलं. "तास आता सुरू."

तिचं नाक खाजायला लागलं. हाताला मुंग्या आल्या. सत्यजीतांनी चहा आणला आणि मालक असून स्वतः कप तिच्या ओठांना लावला.

तेवढ्यात ताजा हार घेऊन साखरबाई दारात. लेक चहा पाजतोय, पोरगी बोट टेकून उभी!

"आरं, माझ्या हारानं कवा चहा मागितला न्हाई!"

साहेब खो खो हसले. अपेक्षानं ओठ दाबून धरले. हसली असती तर बोट हललं असतं.

"झाला तास," अखेर साहेब म्हणाले. "ऑर्डर पक्की. पण स्क्रू लावून पाठवा, बोट इथंच ठेवा."

अपेक्षानं बोट उचललं आणि आधी पोटभर नाक खाजवलं.