वेदीवरची दोन ताटं

एस्तेरमावशी म्हटलं की मला आधी तिच्या मुठी ऐकू येतात. चैत्रातल्या कोरड्या, पांढऱ्याफटक दुपारी सक्करदऱ्याच्या तिच्या दोन खोल्यांत कूलरच्या ओल्या वाळ्याचा गंध भरलेला असायचा, हिरव्या पडद्यातून गाळून आलेला उजेड पोळपाटावर हलत असायचा, आणि त्या निवांतपणात मावशीच्या मुठी कणकेवर संथ, ठाम लयीत पडत राहायच्या. जन्मभर परिचारिकेचं काम केलेले ते हात. दुखऱ्या अंगाला हळुवार आणि चालढकल करणाऱ्याला कठोर, अशी त्यांची ख्याती होती. मी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडत असे.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर बाजारातून येत नाही. असते ती गव्हाचीच, पण पवित्र शास्त्रात बेखमीर, म्हणजे न आंबवलेली, भाकर म्हटलेलं आहे म्हणून आम्हीही तिला भाकरच म्हणतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीतल्या एकेका घरातून ती भाजून येते, पाळक तिचे तुकडे करतात आणि वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवतात. बारा महिन्यांची बारा घरं ठरलेली, आणि त्यांखेरीज ईस्टर मावशीचा. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून ती यादी दर वर्षी सुवाच्य अक्षरात उतरवून काढणं हे माझं काम; सासू गेली की सुनेचं नाव घालायचं, एवढाच काय तो बदल. ख्रिस्तात जातपात नाही असं आम्ही सगळेच छाती फुगवून सांगायचो, आणि त्या बारा घरांत सफाई कामगारांच्या वस्तीतलं एकही घर नाही, हे मला इतक्या वर्षांत कधी खुपलं नव्हतं.

मावशीला ते खुपलं. वस्तीतली सुशीला महापालिकेत झाडूकामाला होती. आजोबांपासून तिचं घर आमच्या मंडळीत, तरी ती बसायची शेवटच्या बाकावर, दाराशी काढलेल्या चपलांजवळ. उपासना संपली की प्रभुभोजनाचा पेला धुऊन, पुसून कपाटात ठेवायची तीच. तिने धुतलेल्या पेल्याला आम्ही सगळे ओठ लावत होतो; तिच्या हातची भाकर मात्र कुणाच्या मनातही आली नव्हती. फेब्रुवारीच्या सभेत, चहा यायच्या आधीच, मावशीने सरळ विचारलं, "सुशीलाचं नाव यादीत काहून नाही?"

उत्तरं फार गोड आली. बिचारीला पहाटेपासून काम, तिला सवड कुठली. तिच्यावर आणखी भार कशाला. यादी तर भरलेली आहे, जागा झाली की बघू. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "तिलेच अवघडल्यासारखं होईन." मावशी एकेकीकडे पाहत राहिली, थर्मामीटर लावून पारा चढायची वाट पाहावी तशी. मग म्हणाली, "जागा मी देते. माझा ईस्टर काढा अन् तिचं नाव लिहा. लिही वं शालिनी, माझ्यासमोर लिही." मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हे सांगायला मी मावशीबरोबर वस्तीत गेले. सुशीला नुकतीच कामावरून आली होती. पदराला हात पुसत ती आधी हसली, आणि मग हसू तिथेच थांबलं.

"भाकर तर मी भाजीन मावशी. पण लोकं खातीन का?"

मावशीने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "तू भाज. खायाचं आम्ही पाहू."

त्या 'आम्ही'मध्ये मीही होते, आणि ते मला जड गेलं.

मला भांडण सोसत नाही. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सासूबाईंनी आणि आणखी तिघींनी माझ्यामागे असा धोशा लावला की मी एक मधला मार्ग शोधून काढला. प्रभुभोजनासाठी तयार मिळणाऱ्या, कागदासारख्या पातळ, पांढऱ्या चकत्यांचं एक पाकीट आणलं. वेदीवर एका ताटात सुशीलाची भाकर ठेवायची, दुसऱ्यात चकत्या. ज्याला जे रुचेल ते त्याने पाळकांकडे मागून घ्यावं. ईस्टरला गर्दी फार, भाकर कमी पडायला नको, असं कारणही तयार होतं. पाळकांना मी तेच सांगितलं. कुणीच दुखावणार नाही या माझ्या युक्तीचं मला कौतुकच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

ईस्टरची सकाळ उजाडली ती कडुनिंबाच्या मोहोराचा गोडसर कडू वास घेऊन. पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन वेदीपर्यंत आलं होतं. पोपटी साडी नेसलेली सुशीला पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली भाकर पाळकांच्या हाती देऊन अंगणात उभी होती. आत यायचा धीर तिला होत नव्हता. मावशी नेहमीप्रमाणे वेदीचं वस्त्र सारखं करायला आली. तिने एका ताटावरचा रुमाल उचलला. मग दुसऱ्यावरचा.

"हे कोणी मांडलं?"

"मी."

"तू स्वतः कोणत्या ताटातलं घेशील?"

"भाकरीतलं," मी पुटपुटले.

"मग दुसरं कोणासाठी? प्रभूच्या मेजावर तू दोन पंगती मांडून राहिली वं, शालिनी." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मी हात लावणार नाही. तू मांडलं, तूच उचल."

सगळ्या मंडळीत जात नाही म्हणणारी मी, आणि जातीला वेदीवर स्वतंत्र ताट वाढून ठेवलं होतं तेही मीच. चकत्यांना वजन ते काय असणार. तरी ते ताट मी दोन्ही हातांनी धरून आतल्या खोलीत नेलं. कपाटाला कुलूप लावलं आणि पाळकांना जाऊन सांगितलं, आज एकच ताट. त्यांनी मान डोलावली.

प्रभुभोजनाचं पाचारण झालं. पुढच्या बाकांवरून कुणी उठेना. मावशीचे गुडघे कधीचेच गेलेले. पाळक तिला भाकर जागेवर आणून देत. त्या दिवशी ती काठीला रेटा देत उठली, मदतीला सरसावलेल्यांना हातानेच दूर ठेवून मधल्या वाटेने चालत गेली, आणि कठड्याला धरून आधी एक, मग दुसरा गुडघा तिने जमिनीला टेकवला. त्या वेळची तिची वेदना मला पाठीमागूनही दिसत होती. मग तिने तळहात पुढे केले. उन्हाच्या त्या पट्ट्यात ते रिकामे हात असे स्थिर होते की जणू उशीर सगळा आमचाच होता.

मी उठले तेव्हा सासूबाईंनी माझ्या पदराचं टोक धरलं. "बस," त्या हळूच म्हणाल्या. मी पदर सोडवून घेतला. माझ्यामागून बाक रिकामे होत गेले, आधी मागचे, मग मधले. चौघी जणी शेवटपर्यंत उठल्या नाहीत. सुशीला सगळ्यांत शेवटी आली. स्वतःच्या भाकरीचा तुकडा तळहातावर पडल्यावर ती त्याच्याकडे पाहतच राहिली, आणि मग तिने तो खाल्ला. मला रडू आलं. आनंदापेक्षा लाजेचंच अधिक.

मावशी गेली त्याला आता दोन हिवाळे झाले. यादीत वस्तीतली तीन घरं आहेत, आणि ईस्टर सुशीलाचा. त्या चौघींपैकी दोघी उठू लागल्या आहेत. सासूबाई नाहीत. सुशीलाच्या मुलीच्या परीक्षेची त्या आपुलकीने चौकशी करतात, तिच्या घरी संत्री पाठवतात; भाकर मात्र घेत नाहीत. वयाबरोबर माणूस निवळत जातो, असं मी पूर्वी मानत असे. आता दर ईस्टरला कठड्याकडे निघताना मी त्यांच्यापुढे हात करते, त्या गीतांच्या पुस्तकात नजर घालतात, आणि मी त्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढे जाते. एस्तेरमावशी आता कुणाच्याही आधी उठायला नाही, आणि तिच्या त्या नसण्याने मला एवढंच कळलं आहे की काळ माणसं घेऊन जातो, फार तर पुढचा रविवार आणून देतो. जागेवरून उठावं ज्याचं त्यालाच लागतं.