आगाऊ नोंदणी

माझ्या धाकट्या भावाला मढी जमवायचा नाद होता. खरी नव्हेत. दलदलीतून उठणाऱ्या मुडद्यांची एक काल्पनिक मालिका होती, तिच्यातल्या वीतभर उंचीच्या व्हिनाइलच्या फिगर. कुणाचा जबडा लोंबतोय, कुणाच्या बरगड्यांतून शेवाळ निघालंय. पगार झाला की घरात नवं मढं. घर आहे की मसणवटा, असं मी विचारायचे आणि तो निर्लज्जासारखा हसायचा.

या जमवणाऱ्या लोकांचा एक नियम असतो: खोका उघडायचा नाही. समोरच्या प्लास्टिकच्या खिडकीतून बघायचं. सील तुटलं की वस्तू मातीमोल. शिवाय नवी फिगर बाजारात येण्याच्या कितीतरी आधी नोंदवून ठेवायची. त्यामुळे फुफ्फुसाच्या आजारानं भाऊ गेला, तरी त्याची पार्सलं त्याच्याच नावानं येत राहिली.

चीड यायची ती भावजयीची. कुरिअरवाल्यानं साहेब कुठे म्हणून विचारलं की ही म्हणायची, बाहेर गेलेत. नोकरी सोडलेली, खाण्यापिण्याची शुद्ध नाही, दिवसभर त्या खोक्यांच्या कपाटासमोर बसून. नुसता हाडांचा सापळा उरला होता. ही पण हातची जाणार, या भीतीनं माझी झोप उडाली होती. रागावून झालं, रडून झालं, तेव्हा कुठे ती माझ्याकडे राहायला यायला तयार झाली. कपाट दुसऱ्या एका नादिष्टाला देऊन टाकायचं ठरलं.

त्या सकाळी मी तिची बॅग भरत होते आणि शेवटचं पार्सल आलं. तिनं वरचा पुठ्ठा कापला. आतला खोका कोरा करकरीत, सील शाबूत. खिडकीला मात्र आतून वाफ धरली होती. मी वेड्यासारखी बाहेरून पुसत बसले. थोड्या वेळानं वाफ आपसूक विरली. आत फिगर बसवायचा प्लास्टिकचा साचा दिसला. डोक्याची खळगी, खांद्यांची, पावलांची. फिगर नव्हती.

कारखान्यातली चूक, मी म्हटलं. असे रिकामे खोके कधीमधी निघतात आणि हे वेडे त्यांच्यासाठी जीव टाकतात, हे भावानंच मला सांगितलं होतं. अंगावर काटा आला होता, पण मी तो दाखवला नाही. भावजय मात्र कित्येक महिन्यांनी हसली. उठली आणि बॅगेतले कपडे काढून परत जागेवर ठेवायला लागली.

"अगं, हे काय चाललंय तुझं?"

"तो निघालाय तिथून, ताई. आता मी घरात नको का?"

मी तिला फैलावर घेतलं. मेलेलं माणूस परत येत नसतं, हे चार प्रकारे सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दार लावायला मी वळले, तेव्हा म्हणाली, "असू द्या उघडं. त्याला जिना चढायला वेळ लागतो."

जिन्यात कुणी नव्हतं. खालून गारवा येत होता आणि ओल्या मातीचा वास. बाहेर तर कडक ऊन होतं. मी कडी धरून उभी राहिले. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं होतं. शेवटी शेवटी त्याला दोन पायऱ्यांत धाप लागायची आणि मी पाठीवरून हात फिरवत राहायचे. त्या पाठीसाठी माझा हात किती आसुसला होता, ते मला तिथं कळलं.

मी कडी सोडली. कपाट न्यायला येणाऱ्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं, येऊ नका. भावाला विचारल्याशिवाय त्याच्या वस्तू मला देता यायच्या नाहीत.